ज्या संस्थेत नोकरी करतो तिच्याच विकिपीडिया लेखात हात घातला, आता काय करू?

पेवकर_हरिपूर

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितोय पण पूर्ण वाचा, अर्धवट सांगितलं तर सल्ला पण अर्धवटच मिळेल.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका शिक्षण संस्थेत कॉम्प्युटरचं काम बघतो. पगारपत्रकं, ऑनलाइन माहिती भरणं, वेबसाइट, आणि कुठं प्रिंटर अडकला तरी मलाच हाक. संस्थेचं नाव इथं घेत नाही, कृपा करून विचारू पण नका. गेली चार वर्षं मी मराठी विकिपीडियावर लिहितोय, ते मात्र माझं स्वतःचं, रात्री जेवणं झाल्यावरचं. सुरुवात झाली हरिपूरच्या पेवांपासून. आमच्याकडं हळद साठवायला जमिनीत पेवं असायची, वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड आणि खाली खोलीएवढी पोकळी, आणि माती अशी की आत हळद वर्षानुवर्षं राहिली तरी किडायची नाही. २००५ च्या महापुरात पाणी शिरलं आणि बरीचशी पेवं गेली. आता पोरांना दाखवू म्हटलं तरी मिळत नाहीत, म्हणून लिहायला घेतलं आणि मग सवयच लागली, कृष्णा-वारणेचा संगम, गावं, देवळं, जे काय पुस्तकात सापडेल ते.

तर झालं असं की संस्थेचा सुवर्णमहोत्सव आलाय. सचिव साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, मोबाईलवर विकिपीडियाचा लेख उघडूनच ठेवला होता. त्यात दोन ओळी आहेत की अमुक वर्षी शिक्षक भरतीवरून चौकशी झाली, आणि खाली पेपरचा संदर्भ दिलाय. साहेब म्हणाले, "तू ते विकिपीडियाचं करतोस म्हणे, मग घरचा माणूस असून हे कसं काय राहिलं?" मी म्हटलं बघतो. आणि बघितलं म्हणजे काय, सरळ काढून टाकलं त्या दोन ओळी, आणि वर स्मरणिकेतला मजकूर आणून चिकटवला, ज्ञानगंगा खेडोपाडी नेणारे शिक्षणमहर्षी वगैरे. मला तेव्हाच कळत होतं की दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मीच उलटवलं असतं, म्हणजे बदल रद्द करून लेख आधीसारखा केला असता. पण नोकरी आहे, घराचे हप्ते आहेत, आणि साहेबांच्या पुढ्यात उभं राहून नाही म्हणणं मला जमलं नाही.

दोन तासात कुणीतरी उलटवलं आणि माझ्या चर्चापानावर विचारलं, "आपला या संस्थेशी काही संबंध आहे का?" मी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी परत तेच केलं, परत गेलं. तिसऱ्यांदा ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून लॉगिन न करता केलं आणि खाली सारांशात लिहिलं "चुकीची माहिती काढली". ही तिसरी गोष्ट मला झोपू देत नाहीये. आता लेखाच्या डोक्यावर साचा, म्हणजे इशाऱ्याची पट्टी, लागलाय की संबंधित व्यक्तीने संपादन केल्याची शंका आहे, आणि ते बघून साहेब अजूनच चिडलेत.

आता खातं बंद करून टाकू का? मला या कामाचे वेगळे पैसे मिळत नाहीत, मग हे पेड एडिटिंगमध्ये, म्हणजे पैसे घेऊन केलेल्या संपादनात, धरतात का? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या चौकशीत पुढं काही निघालं नाही, ते पत्र मी माझ्या हातानं फाईलला लावलंय. लेखात चौकशी झाली एवढंच आहे, संपली कशी ते नाहीच. मग अर्धीच गोष्ट सांगणारा लेख तटस्थ कसा म्हणायचा, आणि हे मी सांगायला गेलो तर आता माझं ऐकणार कोण?

वाईचा_घाट

दादा, आधी एक करा, खातं बंद करू नका आणि दुसरं नवीन तर अजिबात काढू नका. तुम्ही विचारताय म्हणजे अर्धं काम झालंय.

मी विकिपीडियावर अकरा वर्षं आहे, तुमच्यासारखी प्रकरणं दर महिन्याला बघतो, बहुतेक लोक तिसऱ्या संपादनानंतर भांडायला लागतात नाहीतर गायब होतात. संस्थेत नोकरी असणं हा काही गुन्हा नाही. तुम्हाला चर्चापानावर प्रश्न विचारला तेव्हा "हो, मी तिथं नोकरीला आहे" एवढं लिहिलं असतं तर प्रकरण तिथंच मिटलं असतं. आता थोडं जास्त लिहावं लागेल इतकंच.

पेड एडिटिंगचं म्हणाल तर हो, हे त्यात येतं. विकिमीडिया फाउंडेशनने जून २०१४ मध्ये वापराच्या अटींमध्ये हे घातलं की ज्या योगदानाचा मोबदला मिळतो किंवा मिळायची अपेक्षा आहे, तिथं मालक कोण, काम कुणासाठी केलं आणि तुमचा संबंध काय हे जाहीर करायचं. आपल्या सदस्य पानावर, लेखाच्या चर्चापानावर किंवा संपादनाच्या सारांशात, तिन्हीपैकी कुठंही चालतं. वेगळं पाकीट मिळालं नाही म्हणून सुटका होत नाही. वरिष्ठांनी सांगितलं, ऑफिसच्या वेळेत केलं, पगार चालू होता, म्हणजे ते नोकरीचंच काम झालं. हरिपूरच्या पेवांवर तुम्ही रात्री लिहिलंत त्याचा याच्याशी काही संबंध नाही, ते बिनधास्त चालू ठेवा.

आणखी एक, स्वतःचं नाव-गाव उघड करायची गरज नाही. संस्था कुठली आणि तुमचं नातं काय एवढंच सांगायचंय. सदस्य पानावर साधं लिहा: "मी या संस्थेत नोकरीला आहे. वरिष्ठांच्या सांगण्यावरून मी या लेखात तीनदा बदल केले, त्यातला एक लॉगिन न करता. यापुढे लेखात थेट बदल करणार नाही, सूचना चर्चापानावर देईन." ती लॉगिन न केलेली गोष्ट गाळू नका. ती लपलेली नाहीच आहे, इतिहासात पानाची प्रत्येक आवृत्ती राहते, आज उलटवलेली सुद्धा. २००७ मध्ये व्हर्जिल ग्रिफिथ नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याने विकिस्कॅनर नावाचं एक साधन काढलं होतं, निनावी संपादनांचे आयपी, म्हणजे इंटरनेट जोडणीचे क्रमांक, कुठल्या कंपनीच्या नाहीतर सरकारी ऑफिसच्या नेटवर्कचे आहेत ते जुळवून बघायचं. त्यात सीआयएच्या नेटवर्कवरून केलेली संपादनं पण निघाली. मग आपल्या ऑफिसचं काय घेऊन बसलाय.

आता चौकशीचं. तुम्ही फाईलला लावलेलं पत्र खरं असेल, मी शंका घेत नाही, पण ते तुमच्या कपाटात आहे. वाचणाऱ्याला ते उघडून बघता येत नाही, म्हणून तो संदर्भ होत नाही. त्या काळातले पेपर शोधा. चौकशी सुरू झाल्याची बातमी आली होती तर संपल्याची पण कुठंतरी, आतल्या पानावर का होईना, आली असेल. सापडली की चर्चापानावर वृत्तपत्राचं नाव, तारीख, पान आणि वाक्य कसं असावं ते लिहा, आणि कुणालातरी बघायला सांगा. पहिली ओळ काढा असं मात्र म्हणू नका. आणि बातमी नाहीच सापडली तरी एक काम तुम्ही करू शकता, मूळ बातमीत नेमकं काय छापलंय आणि लेखात काय लिहिलंय ते शब्दाला शब्द लावून बघा. पुष्कळदा बातमीत "चौकशीचे आदेश" असतं आणि लेखात "गैरव्यवहार" झालेलं असतं. तसं असेल तर ते दाखवून द्या, ती दुरुस्ती लगेच होते.

मी वाईला राहतो, विश्वकोशाच्या ऑफिसवरून रोज जाणं-येणं आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी इथं बसून ते काम उभं केलं, पहिला खंड १९७६ ला आला. विश्वकोशातली नोंद संपली की खाली लिहिणाऱ्याचं नाव असतं, म्हणजे अमुक विषयावर अमुक माणसाने लिहिलंय हे वाचणाऱ्याला कळतं, आणि वर संपादक मंडळाची नजर असते. विकिपीडियावर ना खाली नाव असतं ना वर मंडळ. म्हणून तिथं आपण कोण आणि आपलं कुणाशी काय नातं हे आपण होऊन सांगायला लागतं, वाचणाऱ्याकडं दुसरा काही उपायच नाही.

आणि स्मरणिकेतला मजकूर परत टाकू नका. तो कौतुकाचा आहे हे एक, पण कॉपीराइटचा प्रश्न त्याहून मोठा आहे.

जत_पूर्वभाग

मला पण हेच विचारायचं होतं. मी ग्रामपंचायत सदस्य आहे, आमच्या गावाचा लेख चार ओळींचा आहे, मी वाढवला तर चालेल का? गावचा माणूस म्हणून हितसंबंध धरतील का?

वाईचा_घाट

@जत_पूर्वभाग गावचं असणं म्हणजे हितसंबंध नव्हे, नाहीतर मराठी विकिपीडियावर गावांचे लेख लिहिणार कोण. जनगणनेची लोकसंख्या, पाऊसपाणी, पिकं, तलाव, जुनं देऊळ, शाळा कधी सुरू झाली, हे संदर्भ देऊन खुशाल लिहा. तुमच्या पॅनेलच्या काळात काय काय कामं झाली तो भाग मात्र तुम्ही लिहू नका. आणि निवडणुकीच्या आधी तर लेखाकडं फिरकू पण नका.

विश्रामबाग_डिझाइन

पेवकर भाऊ, मी दुसऱ्या बाजूने सांगते. माझं सांगलीत छोटं डिझाइनचं दुकान आहे, फ्लेक्स, लग्नपत्रिका, आणि आता चार-पाच वर्षं डॉक्टर, क्लासेस, कोचिंगवाले यांचं सोशल मीडिया. गिऱ्हाईकाला फेसबुक पेज आणि विकिपीडियाचं पेज यातला फरक कळत नाही, त्यांना वाटतं ताईंना सांगितलं की दोन्ही होतं. मला पण सुरुवातीला कळत नव्हता हे खरं.

एकांनी मला सांगितलं की आमच्या वडिलांचं पान बनवा, पंच्याहत्तरीला स्क्रीनवर दाखवायचंय. मी पैसे घेतले, पान बनवलं, घरच्यांनी दिलेल्या माहितीवरून लिहिलं, पुरस्कारांची लांबलचक यादी, संदर्भ म्हणून त्यांचीच वेबसाइट. मला वाटलं फार छान झालं. चौथ्या दिवशी पान उडालं. कार्यक्रम पुढच्या आठवड्यात होता. मी सगळे पैसे परत केले पण त्या काकांना घरच्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की तुमचं नाव आता विकिपीडियावर आलंय, आणि पान का काढलं हे त्यांना समजावून सांगायला मी गेले तेव्हा ते एवढंच म्हणाले, "म्हणजे मी तेवढा मोठा नाही असंच ना?" मला आजपण ते आठवलं की पोटात कालवतं. माणूस खरंच चांगला होता, शेकडो पोरं शिकवली असतील, पण त्यांच्यावर दुसऱ्या कुणी, म्हणजे घरचं किंवा पैसे घेतलेलं नसलेल्या कुणी, कुठं छापून असं काही लिहिलंच नव्हतं. उल्लेखनीयता म्हणजे माणसाची किंमत नव्हे हे मला तेव्हा कळलं, ते त्यांना आधी सांगायला पाहिजे होतं आणि ते मीच सांगायला पाहिजे होतं.

आता मी हे काम घेतच नाही. कुणी विचारलं तर सांगते की पान आपण बनवायचं नसतं, आपल्यावर लोकांनी लिहिलेलं असेल तर ते कुणीतरी बनवतं. आणि अजून एक इशारा, साहेब लोकांना अधूनमधून फोन येतात की एवढे भरा, पान बनवून देतो आणि ते कधी डिलीट होणार नाही याची गॅरंटी. असली गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही. २०१५ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर अशीच एक टोळी पकडली होती, ३८१ खाती एकदम बंद केली. ते लोक काय करायचे, ज्यांचा मसुदा नाकारला गेलाय अशा छोट्या धंदेवाल्यांना गाठायचे, पैसे घेऊन पान लावून द्यायचे आणि नंतर ते सांभाळायचे म्हणून दर महिन्याला परत पैसे मागायचे. तुमच्या साहेबांना कुणी असलं आमिष दाखवलं असेल तर आधीच सावध करा.

जवारी_मिरज

मी जरा वेगळं बोलणार आहे, राग मानू नका वाईकर साहेब.

तुमचे नियम इंग्रजीतून आलेत, तिथं एकेका लेखावर पन्नास जण नजर ठेवून असतात. मराठीत बघा काय आहे. २००३ च्या १ मेला मराठी विकिपीडिया सुरू झालं, आणि आजपण आमच्या मिरजेच्या वाद्यांवर नीट लिहायला माणूस मिळत नाही. का? कारण ज्याला माहिती आहे तो त्या धंद्यातलाच आहे. माझ्या आजोबांपासून घरात तंबोरे बनतात. आधी आमची माणसं हत्यारांना धार लावणारी, शिकलगार, संस्थानाच्या काळात वाद्यांकडं वळली. भोपळा कधी आणायचा, किती वाळवायचा, तून लाकूड कुठल्या दिशेनं कापायचं, हे बाहेरच्याला पुस्तक वाचून कळणार आहे का? २०२४ ला मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, सगळ्या पेपरात आलं, आणि त्याच आठवड्यात कुणीतरी बाहेरच्याने लेखात लिहिलं की भोपळे कोकणातून येतात. कोकणात एवढ्या पावसात तसला भोपळा होईल का? आमचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे, माझे वडील स्वतः शेतात जाऊन, टिचक्या मारून, आवाज ऐकून निवडायचे. मी दुरुस्त केलं, खाली लिहिलं की मी स्वतः कारागीर आहे, म्हणजे तुम्ही म्हणता तसं जाहीर पण केलं. तरी उलटवलं. कारण काय तर "संदर्भ नाही". तीन पिढ्या ज्या हातांनी काम केलं त्याला संदर्भ नाही आणि पर्यटनाच्या वेबसाइटवर कुणी दोन तासात लिहिलेलं चालतं. मग मी सोडून दिलं. ती चूक किती महिने तशीच होती माहीत नाही, मी परत बघितलंच नाही.

वाईचा_घाट

@जवारी_मिरज राग कसला. हे वाचून मलाच वाईट वाटलं, आणि तुमचं अर्धं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. तुमचं संपादन ज्याने उलटवलं त्याने तुमच्याशी दोन वाक्यं बोलायला हवी होती.

पण तुमचा आणि पेवकर दादांचा प्रश्न एक नाही. भोपळा कुठून येतो हे सांगण्यात तुमचा काही स्वार्थ नाही. एखाद्या विषयातला जाणकार असणं म्हणजे हितसंबंध नव्हे, डॉक्टरने हिवतापावर लिहिलं तर कोण अडवतं. तुमच्या दुकानाचं नाव लेखात घातलं, किंवा मिरजेतल्या दुसऱ्या घराण्याचं नाव काढलं, तर मात्र तो हितसंबंध झाला. तुमचं अडलं ते दुसऱ्याच नियमावर, पडताळणीवर. आणि तो नियम मोठ्या माणसांना पण सुटलेला नाही. फिलिप रॉथ नावाचे अमेरिकेतले फार मोठे कादंबरीकार, २०१२ मध्ये त्यांनी विकिपीडियाला कळवलं की माझ्या कादंबरीतलं पात्र अमक्या माणसावरून घेतलंय असं तुम्ही लिहिलंय ते चूक आहे, मीच लिहिलीय ना ती. त्यांना उत्तर मिळालं की लेखक तुम्हीच आहात हे मान्य, पण दुय्यम संदर्भ, म्हणजे दुसरीकडं छापून आलेला आधार, लागेल. शेवटी त्यांनी न्यूयॉर्करमध्ये उघड पत्र छापलं, आणि ते छापल्यावर त्याचाच संदर्भ लेखात आला. त्या वेळी पुष्कळ लोक विकिपीडियाला हसले. मला वाटतं त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, फोनवर "मीच तो" म्हणणारा खरंच तोच आहे का हे दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाने कसं ओळखायचं? छापलं की त्याखाली नाव येतं, जबाबदारी येते, आणि वाचणारा ते काढून बघू शकतो.

तुमच्यासाठी दोन रस्ते सांगतो. जीआयच्या अर्जात कच्चा माल कुठून येतो, वाद्य कसं बनतं, सगळं लिहावं लागतं, आणि ते जीआय रजिस्ट्रीच्या जर्नलमध्ये छापून येतं, चेन्नईच्या ऑफिसकडून निघतं ते. ते काढा, त्यातलं वाक्य दाखवा, मग कुणाची टाप आहे उलटवायची. आणि दुसरं, तुमच्याकडं जे आहे ते कुणाकडंच नाही, तो कारखाना. भोपळा कापण्यापासून जवारी काढेपर्यंत, म्हणजे घोडी घासून सूर जमवेपर्यंत, एकेका टप्प्याचे फोटो काढा आणि स्वतःच्या नावाने कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या सगळ्यांना खुल्या फोटोसंग्रहावर, चढवा. स्वतः काढलेल्या फोटोला संदर्भ कुणी मागत नाही. मराठीच काय, जगातल्या कुठल्याही भाषेतला लेख ते वापरेल.

नियम इंग्रजीतून आले म्हणता ते खरं, पण ते ठेच खाऊन आलेत. खुद्द जिमी वेल्स, विकिपीडियाचे संस्थापक, २००५ मध्ये स्वतःवरच्या लेखात स्वतःच बदल करत होते, लॅरी सँगर हे सहसंस्थापक आहेत हा उल्लेख काढत होते. लोकांनी इतिहास उघडून दाखवलं. तसं करायला नको होतं असं ते स्वतः म्हणाले. स्वतःबद्दल लिहिताना हात कुठं वळतो हे कुणाला सांगता येत नाही. तेवढ्यासाठीच ते दुसऱ्याच्या हातात द्यायचं.

जवारी_मिरज

जर्नलचं लक्षात नव्हतं आलं. बघतो. फोटोचं पटलं, आमचा चुलत भाऊ चांगले फोटो काढतो. पण कॉमन्सवर दिल्यावर कुणी धंद्यासाठी वापरले तर?

वाईचा_घाट

वापरू शकतं, फक्त तुमचं नाव द्यावं लागेल, तसाच तो परवाना आहे. हे आधीच नीट समजून घ्या आणि मगच चढवा. कारागिराच्या चेहऱ्याचा फोटो असेल तर त्याला विचारून.

कुंडलचे_गुरुजी

पेवकर, तुझ्यापेक्षा मी वयाने बराच मोठा असेन म्हणून एकेरी लिहितो.

माझे वडील प्रतिसरकारात होते. तेव्हा आमचं कुंडल औंध संस्थानात होतं, १९४९ ला दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली पडलं, पण म्हातारी माणसं शेवटपर्यंत सातारच म्हणत. क्रांतिसिंह नाना पाटलांचं ते सरकार, १९४३ ते ४६, आणि आमच्याकडं जी. डी. बापू लाडांची तुफान सेना. लहानपणापासून मी ऐकत आलो की वडील शेणोलीच्या गाडीवर होते. ७ जून १९४३, पगाराची रोकड नेणारी रेल्वे शेणोलीजवळ अडवली होती, ती गोष्ट इकडं शेंबडं पोर पण सांगेल. वडील गेल्यावर मी रिटायर होतो, मुलीने कॉम्प्युटर शिकवला, आणि मी पहिलं काम काय केलं तर वडिलांवर लेख लिहिला. आणि शेणोलीच्या लेखात त्यांचं नाव घातलं.

एका मुलाने, नातवाच्या वयाचा असेल, फार नम्रपणे विचारलं, "गुरुजी, याला काही आधार मिळेल का?" मला इतका राग आला की दोन दिवस मी उत्तर दिलं नाही. माझ्या बापाला आधार मागतोस? मग मी शोधायला लागलो. वडिलांची स्वातंत्र्यसैनिक पेन्शनची कागदपत्रं काढली. त्यात भूमिगत राहिल्याचं आहे, निरोप पोचवल्याचं आहे, सहा महिने तुरुंगवास आहे. शेणोली नाही. अर्ज त्यांनी स्वतः भरलेला, अक्षर त्यांचंच. जी पुस्तकं मिळाली ती वाचली, त्यात ज्यांची नावं आहेत त्यात ते नाहीत. मग मी थोरल्या आत्याला जाऊन विचारलं, ती तेव्हा नव्वदीच्या पुढं होती. ती म्हणाली, "तो कुठला गाडीवर, तो त्या रात्री भाकरी घेऊन डोंगरात बसला हुता."

म्हणजे वडिलांनी कधी खोटं सांगितलं नव्हतं. आम्ही पोरांनीच ऐकता ऐकता त्यांना गाडीवर नेऊन बसवलं. ते नाव मी माझ्या हाताने काढलं आणि त्या मुलाला लिहून कळवलं. वडिलांवरचा लेख पण नंतर गेला, त्याचं दुःख झालं नाही असं नाही म्हणत. पण भाकरी घेऊन डोंगरात बसलेला माणूस मला त्या शोधात सापडला, तो आधी मला माहीतच नव्हता. ते मी आता घरच्यांसाठी वहीत लिहून ठेवलंय. प्रतिसरकारच्या लेखात मी आजही लिहितो, पण पुस्तक समोर ठेवून, आणि सदस्य पानावर पहिल्याच ओळीत लिहिलंय की वडील त्या चळवळीत होते.

साहेबांना नाही म्हणता येत नाही हे मी समजू शकतो, मी पण छत्तीस वर्षं संस्थेत नोकरी केली. तू त्यांना नाही म्हणू नकोस. त्यांना साचा दाखव आणि सांग की मी अजून एकदा हात लावला तर हा साचा महोत्सवाच्या दिवशी पण तिथंच असेल.

पेवकर_हरिपूर

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. गुरुजी, तुमचं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही.

चार दिवसांनी लिहितोय कारण मधल्या वेळात बरंच झालं. वाईकर सरांनी दिलंय जवळपास तसंच सदस्य पानावर लिहिलं, लॉगिन न केलेलं पण. लिहिताना हात थरथरत होता, सेव्ह केल्यावर मात्र त्या रात्री झोप लागली. ज्याने मला आधी प्रश्न विचारला होता त्याच्या चर्चापानावर जाऊन माफी पण मागितली. त्याने एका ओळीत उत्तर दिलं, "कळवल्याबद्दल आभार, पेवांचा लेख तुमचाच ना, तो छान आहे."

साहेबांना गुरुजींनी सांगितलं तसंच सांगितलं. पहिल्यांदा चिडले, म्हणाले बाहेरची माणसं आपल्या संस्थेचं काय ते ठरवणार का. मी इतिहासाचं पान उघडून त्यांना तिन्ही वेळचे बदल दाखवले, तारीख-वेळेसकट. ते बघून गप्प झाले. मग म्हणाले, "म्हणजे हे कायमचं राहणार?" मी हो म्हटलं. नंतर त्यांनीच शिपायाला सांगून जुन्या पेपरांचे गठ्ठे काढायला लावले, कारण निकालाची बातमी आल्याचं त्यांना आठवत होतं.

ऑफिसच्या गठ्ठ्यात नाही सापडली. शनिवारी वाचनालयात जाऊन बसलो, सव्वातीन तास फायली चाळल्या, आतल्या पानावर सापडली, सात ओळींची. त्यात "तक्रारीत तथ्य आढळले नाही" असं स्पष्ट छापलंय. वृत्तपत्र, तारीख, पान, सगळं चर्चापानावर टाकलं आणि लिहिलं की मी संस्थेचा कर्मचारी आहे, कुणीतरी तपासून योग्य वाटलं तर घ्या. काल रात्री दुसऱ्या एका सदस्याने ते वाक्य लेखात घातलं. पहिली ओळ आहे तशीच आहे, त्याखाली ही आली. साहेबांना पहिली ओळ जायला हवी होती, ते अजून नाराजच आहेत, पण मला परत काढ म्हणाले नाहीत. वरचा साचा अजून आहे, तो मी काढणार नाही, ज्याने लावला तोच बघेल.

फक्त एक शेवटचं. साहेब म्हणतात लेखात संस्थापकांचा फोटो तरी लावा, स्मरणिकेतला. तो लावता येईल का?

वाईचा_घाट

छान केलंत दादा, सव्वातीन तास बसणारी माणसं कमी आहेत.

स्मरणिकेतला फोटो स्कॅन करून लावू नका. स्मरणिका संस्थेची असली तरी फोटो ज्याने काढला त्या स्टुडिओचा हक्क असू शकतो. संस्थेकडं खरंच हक्क असतील तर संस्थेच्या अधिकृत ईमेलवरून कॉमन्सच्या परवानगी टीमला लेखी कळवावं लागतं, त्याला वेळ लागतो. तोपर्यंत संस्थेच्या जुन्या इमारतीचा एक फोटो तुम्ही स्वतः काढा, सकाळच्या उन्हात, पुढं गाड्या नसताना. कॉमन्सवर चढवा, वर्णनात लिहा की मी इथं नोकरीला आहे. लेखात तुम्ही घालू नका, चर्चापानावर त्याची लिंक द्या, मी घालतो.